फूड फ्रँचायझी घ्यायचीय? फी नंतर विचारा, आधी महिन्याचा हिशोब मांडा

घोडबंदर रोडला नवीन टॉवर उभा राहिला की खालच्या गाळ्यांत आधी मेडिकल येतं, मग डेअरी, आणि त्यानंतर चहा, मोमो, बर्गर, वॉफल नाहीतर शोर्माची फ्रँचायझी. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वर्ष-दीड वर्षात बोर्ड बदललेला दिसतो. मी ठाण्यात छोट्या दुकानदारांचे हिशोब बघते, त्यात खाण्यापिण्याची दुकानं भरपूर, त्यामुळे नोकरी सोडून, व्हीआरएसचे पैसे घालून, घरातलं सोनं गहाण ठेवून फ्रँचायझी घेतलेली माणसं फार जवळून बघायला मिळतात. मेहनती माणसं असतात हो, सकाळी सातला शटर उघडून रात्री बाराला घरी जाणारी. पण घेताना जवळजवळ सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलेला असतो, फी किती? आणि दोन ब्रँडची तुलना पण तेवढ्यावरच केलेली असते, ह्याची ५ लाख, त्याची २ लाख, मग २ लाखवाला बरा. मला हे बघवत नाही म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण त्यात लोकांचे थेट पैसे बुडतात. काही मोठे ब्रँड आपल्यासारख्या एकट्यादुकट्याला फ्रँचायझी देतच नाहीत. डॉमिनोजचे भारतातले हक्क ज्युबिलंट फूडवर्क्सकडे आहेत आणि दुकानं तीच कंपनी चालवते. मॅकडोनाल्ड्स आपल्या पश्चिम आणि दक्षिण भारतात वेस्टलाइफ फूडवर्ल्डकडे आहे. स्टारबक्स टाटांसोबतची कंपनी स्वतः चालवते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर कोणी ह्यातल्या एखाद्या ब्रँडचं लेटरहेड पाठवून रजिस्ट्रेशनचे पन्नास हजार मागत असेल, मग एनओसीचे दोन लाख, मग मशीनचे अमुक, तर तो फ्रॉडच आहे. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फ्रॉडच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

आता खऱ्या फ्रँचायझीकडे येऊ.

पैसे कुठून कुठून जातात

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असते ती फ्रँचायझी फी, म्हणजे ब्रँडचं नाव वापरायचे एकदाच द्यायचे पैसे, साधारण तीन ते नऊ वर्षांसाठी, आणि मुदत संपली की रिन्यूअल फी वेगळी. त्यानंतर सेटअप, म्हणजे इंटिरियर, फ्रायर, डीप फ्रीजर, एक्झॉस्ट, बोर्ड, बिलिंग मशीन. पुष्कळ कंपन्या म्हणतात सेटअप आमच्याच व्हेंडरकडून करायचा, आणि खरी गंमत तिथे असते, कारण जो फ्रायर बाजारात अमुक भावात मिळतो तोच त्यांच्या कोटेशनमध्ये बराच चढलेला दिसतो. म्हणून कोटेशन एकरकमी घेऊ नका, वस्तूवार मागा, मशीनचा मेक आणि मॉडेल लिहून मागा, आणि तेच घेऊन दुसऱ्या डीलरकडे भाव विचारा. दोन दिवसांचं काम आहे, पण त्यात लाख-दीड लाखाचा फरक सहज निघू शकतो.

मग दर महिन्याचं. रॉयल्टी, विक्रीच्या ठराविक टक्के. इथे टक्का किती ह्यापेक्षा कशावर हे आधी विचारायचं. झोमॅटोवर ३०० ची ऑर्डर आली, १०० डिस्काउंट गेला, वर कमिशन गेलं, तुमच्या खात्यात आले समजा १५०, तर रॉयल्टी ३०० वर, २०० वर की १५० वर? करारात नुसतं ग्रॉस सेल्स लिहिलं असेल तर कंपनी ३०० धरणार. हा एक शब्द पाच वर्षांत लाखोंचा फरक करतो. शिवाय मार्केटिंग फंड म्हणून एक-दोन टक्के, सॉफ्टवेअरचं भाडं, आणि कधीकधी ऑडिटचा खर्च सुद्धा तुमच्याच माथी.

आणि जीएसटी. हे कोणीच समजावून सांगत नाही. साध्या रेस्टॉरंटला गिऱ्हाइकाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लावायचा असतो, पण ह्या ५ टक्क्यांच्या पद्धतीत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, नोव्हेंबर २०१७ पासून असंच आहे. म्हणजे तुम्ही फ्रँचायझी फीवर, रॉयल्टीवर, इंटिरियरवर जो १८ टक्के जीएसटी भरता तो परत मिळत नाही, तो तुमचा खर्च. सेल्सवाला ६ टक्के रॉयल्टी म्हणतो तेव्हा तुमच्यासाठी ती ७ टक्क्यांच्या वर गेलेली असते. भाड्याचं पण तसंच, आणि मालक जीएसटीत रजिस्टर्ड नाही म्हणून सुटलो असं समजू नका, १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा कमर्शिअल जागेच्या भाड्यावर रजिस्टर्ड भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः सरकारला, १८ टक्के भरायचे आहेत. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्यांना, ह्यातून नंतर सूट दिली. तुम्ही कुठल्या पद्धतीत बसता ते सीएला गाळा घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

झीरो रॉयल्टी म्हणजे काय

सध्या सगळीकडे हेच चालू आहे, झीरो रॉयल्टी, झीरो फ्रँचायझी फी. ऐकायला फार गोड. पण कंपनीला तिचे पैसे कुठून तरी घ्यायचेच आहेत ना, तिच्या ऑफिसचा पगार आहे, जाहिराती आहेत. मग ती ते मालातून घेते.

खारघरला ओळखीच्या एक ताई आहेत, त्यांच्या दुकानाची बिलं मी बघत होते. कंपनीचं इनव्हॉइस दोन पानांचं. पॅटीस, सॉस, पेरीपेरी मसाला हे ठीक आहे, ती त्यांची रेसिपी, त्यात चव आहे. पण खाली चीज स्लाइस, मेयो, टिश्यू, कागदी पिशव्या, हातमोजे, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, आणि शेवटी पामोलिन तेलाचे डबे. सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, करारात तसं बंधन. चीजचं पाकीट तर बाजारात मिळतं त्याच ब्रँडचं, वर कंपनीचं स्टिकर सुद्धा नाही. आम्ही तुर्भ्याच्या होलसेलवाल्याकडून रेट मागवून इनव्हॉइसच्या बाजूला पेन्सिलने लिहिले. जवळजवळ प्रत्येक ओळीत कंपनीचा रेट वर. ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मी रॉयल्टी भरतच होते की, मला फक्त दिसत नव्हती."

हे आता आकड्यांत बघू. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुम्ही तुमचे घाला. छोटं टेकअवे दुकान, रोजची विक्री १५ हजार, महिन्याला साडेचार लाख, जीएसटी सोडून.

पहिली ऑफर, फी ५ लाख, मुदत पाच वर्षं, रॉयल्टी ६ टक्के, मार्केटिंग २ टक्के, फक्त मुख्य माल कंपनीचा, बाकी बाजारातून, त्यामुळे माल आणि पॅकिंगचा खर्च विक्रीच्या ३६ टक्के. फीवर १८ टक्के धरून झाले ५ लाख ९० हजार, साठ महिन्यांत वाटले की महिन्याला साधारण ९,८००. रॉयल्टी आणि मार्केटिंग मिळून ३६ हजार, त्यावर जीएसटी, झाले जवळपास ४२,५००. माल १ लाख ६२ हजार. एकूण २ लाख १४ हजार.

दुसरी ऑफर, फी शून्य, रॉयल्टी शून्य, पण सगळा माल कंपनीचाच आणि त्याचा खर्च ४८ टक्के. म्हणजे २ लाख १६ हजार.

बघितलंत? ५ लाख फी आणि ८ टक्के महिन्याला घेणारी, आणि काहीच न घेणारी, दोघींचा खर्च सारखाच. आणि धंदा वाढून महिन्याला ६ लाख झाला तर पहिलीत २ लाख ८२ हजार जातात आणि दुसरीत २ लाख ८८ हजार, म्हणजे झीरोवालीच महाग पडायला लागते. धंदा ३ लाखांवर आला तर मात्र झीरोवाली दोनेक हजारांनी स्वस्त, शिवाय सुरुवातीला खिशातून ५ लाख गेलेले नसतात, हा तिचा खरा फायदा आहे आणि ज्याच्याकडे भांडवल कमी आहे त्याच्यासाठी तो लहान नाही. म्हणून झीरो रॉयल्टी म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही. फक्त मालाची रेट लिस्ट हातात आल्याशिवाय तिची तुलना कशाशीच करता येत नाही. आणि रेट वर्षात किती वाढवू शकतात ते करारात आहे का हेही बघा, कारण रॉयल्टीचा टक्का करारात बांधलेला असतो, मालाचा रेट बहुतेक वेळा बांधलेला नसतो.

आता पहिल्या ऑफरचंच पुढे नेऊ. भाडं ७० हजार, जीएसटी धरून ८२,६००. चार पोरं, पगार, जेवण, राहायची खोली मिळून ७५ हजार. वीज आणि गॅस ३० हजार. फुटकळ १५ हजार. विक्रीतली ४० टक्के ऑनलाइन आहे असं धरा, त्यावर कमिशन, जाहिरात, डिस्काउंट मिळून पाव हिस्सा जातो, म्हणजे ४५ हजार. बेरीज केलीत तर साडेचार लाखांच्या धंद्यात महिन्याला बारा हजाराचा तोटा आहे. रोज १५ हजार गल्ला आणि तरी तोटा! ना नफा ना तोटा व्हायला रोज साधारण १६ हजार लागतात. ६ लाखांचा धंदा झाला तर ५५ हजार हातात राहतात, आणि सेटअपसाठी १५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं असेल तर त्यातले ३२,६०० हप्त्यात जातात. उरले बावीस हजार, आणि तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

१६ हजार म्हणजे किती, तर सरासरी बिल १५० चं असेल तर रोज १०७ बिलं. हा आकडा कागदावर लिहा आणि तो ब्रँड जिथे आधीपासून चालू आहे तिथे जाऊन बसा. ऐरोलीला माइंडस्पेसच्या बाहेर मंगळवारी दुपारी एक वाजता गेलात तर वाटेल इथे दुकान म्हणजे सोन्याची खाण, रांगच संपत नाही. तिथेच शनिवारी जा. किंवा मंगळवारीच संध्याकाळी सातला. आयटी पार्कची गर्दी आठवड्याचे पाच दिवस आणि दिवसाचे तीन-चार तास असते, भाडं मात्र तीस दिवसांचं. उलट राम मारुती रोडला संध्याकाळी सहानंतर पाय ठेवायला जागा नसते आणि रविवार जोरात, पण भाड्याचा आकडा ऐकून घाम फुटेल. सेल्सवाला तुम्हाला दाखवायला नेतो ते दुकान त्याच्या सोयीच्या वेळी दाखवतो, तुम्ही त्याला न सांगता तीन वेगळ्या वेळी जा.

सपोर्ट

प्रत्येक ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं, संपूर्ण सपोर्ट. ह्या शब्दाला करारात काहीच अर्थ नाही, कारण कोण, कधी, किती, आणि नाही दिला तर काय, हे त्यात नाही.

माझ्या मते खरा सपोर्ट म्हणजे पहिल्यांदा माल. बाकी सगळं नंतर. आपल्याकडच्या वडापावाचंच बघा ना, जंबोकिंग २००१ मध्ये मालाडला सुरू झालं, गोली २००४ मध्ये कल्याणला, आणि ब्रँड म्हणून ते वाढले ते वडा प्रत्येक दुकानात सारखा लागावा ह्यावर काम केल्यामुळे. ठाणे स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव खाऊन वाढलेल्या माणसाला तुम्ही ब्रँडच्या नावावर एकदाच खेचू शकता, दुसऱ्यांदा तो चवीसाठीच येणार. तेव्हा विचारा की कंपनीचं किचन किंवा गोडाऊन कुठे आहे. भिवंडीत असेल तर ठीक. पुण्याहून किंवा इंदूरहून आठवड्यातून एकदा गाडी येणार असेल तर तुम्हाला आठवड्याचा माल भरून ठेवावा लागणार, म्हणजे दोन डीप फ्रीजर, तेवढी जागा, तेवढी वीज, तेवढे पैसे अडकलेले, आणि जुलैमध्ये रस्ते तुंबले की शनिवारी संध्याकाळी पॅटीस संपलेले. माल वेळेवर आला नाही तर बाहेरून घ्यायची परवानगी आहे का, हे लेखी पाहिजे. बहुतेक करारांत बाहेरून घेतलं तर दंड आहे, आणि कंपनीने माल दिला नाही तर काय, ह्यावर एक ओळ नाही.

दुसरं ट्रेनिंग. किती दिवस, कुठे, किती जणांना, राहण्याखाण्याचा खर्च कोणाचा. आणि मुख्य म्हणजे ट्रेन केलेला पोरगा तीन महिन्यांत सोडून गेला, आणि तो जातोच, तर नवीन पोराला परत ट्रेनिंग फुकट की पैसे देऊन? उद्घाटनाला आलेली कंपनीची टीम किती दिवस थांबणार? दोन दिवस थांबून फोटो काढून जाणारी टीम आणि पंधरा दिवस काउंटरमागे उभी राहून शिकवणारी टीम ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ब्रोशरमध्ये मात्र दोघींना ओपनिंग सपोर्टच म्हणतात.

तिसरं ऑनलाइन. झोमॅटो-स्विगीचं लिस्टिंग कोणाच्या नावावर, पैसे कोणाच्या बँक खात्यात येतात? काही ठिकाणी ते कंपनीच्या खात्यात जातात आणि कंपनी आपली रॉयल्टी, मालाचे पैसे कापून पंधरा दिवसांनी उरलेले देते. असं असेल तर तुमची अर्धी विक्री दुसऱ्याच्या हातात आहे हे समजून भांडवल ठेवा. डिस्काउंट कोण ठरवतो तेही विचारा, कंपनीने एकावर एक फ्री लावलं आणि त्याचा भार तुमच्यावर पडला असं व्हायला नको.

जागा बघून देतो असं पण सांगतात. बघून देतात म्हणजे बऱ्याचदा तुम्ही पाठवलेला फोटो बघून ओके म्हणतात. गाळ्यात तळण चालेल का, एक्झॉस्टचा पाइप वरपर्यंत न्यायला सोसायटी देईल का, विजेचा लोड वाढवून मिळेल का, फायरचं काय, हे सगळं तुम्हालाच बघायचंय. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या बिल्डिंगींत एक्झॉस्टवरून सोसायटीशी वाद झाले की दुकान तयार आणि किचन बंद अशी अवस्था होते. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं लायसन्स तुमच्या दुकानाचं, तुमच्या नावाचं लागतं, ब्रँडच्या लायसन्सवर तुमचं चालत नाही.

एक प्रकार अजून आहे, फोको म्हणतात, म्हणजे पैसे तुमचे आणि चालवणार कंपनी, आणि वर महिन्याला अमुक रक्कम नक्की असं सांगतात. रिटायर झालेल्या काका-काकूंना हा फार पटतो कारण काही करायचं नाही. पण ती रक्कम म्हणजे फक्त त्या कंपनीचा शब्द आहे, बँकेची एफडी नाही, कंपनीकडे पैसे नसले की नक्की रक्कम पण नाही. अशा ऑफरमध्ये कंपनीचा ताळेबंद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तो बघता येतो, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर १०० रुपये भरून तिची दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात, नफा-तोटा, कर्ज, डायरेक्टर कोण सगळं.

कागद

अमेरिकेत कायदा असा आहे की फ्रँचायझी विकणाऱ्याने सही घ्यायच्या किंवा पैसे घ्यायच्या निदान १४ दिवस आधी एक माहितीपत्रक द्यावंच लागतं, त्यात ठरलेले २३ मुद्दे असतात, कोर्टकेसेस, सगळा खर्च, किती दुकानं बंद पडली, जुन्या फ्रँचायझीवाल्यांचे नंबर. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा वेगळा कायदाच नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुमच्या सहीवर चालतं. म्हणजे तिथे सरकार जे देणं भाग पाडतं ते इथे तुम्हालाच मागायचं. सरळ ईमेल करा: मुंबई-ठाणे-नवी मुंबईत किती दुकानं चालू आहेत, गेल्या तीन वर्षांत किती बंद झाली, आणि बंद झालेल्या निदान दोघांचे नंबर द्या. चालू असलेल्यांचे नंबर कंपनी आनंदाने देते. बंद झालेल्यांचे दिले नाहीत तर जुना पत्ता काढून शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो सांगतो का बंद झालं, शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं.

ट्रेडमार्क पण तपासा, आयपी इंडिया ह्या सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतो. खाण्याच्या दुकानाची सेवा क्लास ४३ मध्ये येते. नुसता अर्ज केलाय की रजिस्टर झालाय, कोणी हरकत घेतलीय का, आणि तो तुमच्याशी करार करणाऱ्या कंपनीच्याच नावावर आहे का. ज्या नावाचे तुम्ही पैसे देताय ते नाव त्यांचं नसेल तर उद्या बोर्ड उतरवायची वेळ तुमच्यावर येते.

बाहेर पडायच्या अटी सगळ्यात कमी वाचल्या जातात कारण सुरू करताना बंद करायचा विचार कोणालाच नको असतो. वाचा तरीही. फ्रँचायझीचा लॉक-इन, म्हणजे सोडता न येण्याचा काळ, तीन वर्षांचा आणि गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असं असेल तर मालकाने जागा काढून घेतली की तुम्ही दोन्हीकडून अडकलात, म्हणून भाडेकरार निदान तेवढ्याच मुदतीचा करा आणि रजिस्टर करा, महाराष्ट्रात तो रजिस्टर करणं बंधनकारकच आहे. डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून काय काय कापणार. मशीन तुमची राहणार की कंपनी पडत्या भावात उचलणार. तुमच्यापासून किती किलोमीटरमध्ये दुसरं दुकान देणार नाही, आणि त्यात ऑनलाइनवाली क्लाउड किचन धरलीत का, कारण समोर दुकान न उघडता मागच्या गल्लीत किचन उघडलं तरी तुमच्या ऑर्डर जाणारच. करार चालू असताना दुसऱ्या ब्रँडचा धंदा करू नका ही अट सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला ह्या केसमध्ये मान्य केलीय, त्यामुळे ती पाळावी लागते. पण करार संपल्यावर पाच वर्षं खाण्याचा धंदाच करायचा नाही असं लिहिलं असेल तर करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही, वकिलाला सांगून सहीच्या आधीच काढून टाकायला लावा.

आणि वाद झाला तर कुठे लढायचं, ही ओळ शेवटच्या पानावर असते. कंपनी गुरुग्रामची असेल तर लवाद गुरुग्रामला लिहिलेला असतो, आणि दोन लाखांच्या डिपॉझिटसाठी नेरूळचा माणूस तारखांना गुरुग्रामला जाऊ शकत नाही हे दोघांनाही माहीत असतं. ठाणे किंवा मुंबई करून मागा. काही कंपन्या करतात, विचारलं तर. नाहीच म्हणाले तर डिपॉझिटची रक्कम कमी करून घ्या, आणि हे सगळं टोकनचे पैसे द्यायच्या आधी, कारण टोकन गेलं की समोरचा फोन उचलायला पण वेळ लावतो.